मोजत मोजत मंडईला

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात एकाच शब्दावरून भांडण पेटलं होतं. झटका. डॉक्टर म्हणाले, आईंच्या कमरेला झटका बसता कामा नये. नवऱ्यानं तेवढंच वाक्य उचललं आणि घरी येऊन जाहीर करून टाकलं, की आई यंदा मंडईला जाणार नाही. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. मी गोंदियातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. मोघम बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी विचारलं, "झटका म्हणजे किती?"

नवरा म्हणाला, "झटका म्हणजे झटका. त्यात किती काय?"

बाहेरच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, मंडई म्हणजे दिवाळी झाली की गावोगाव भरणारी जत्रा. दुकानं लागतात, पाळणे येतात, दिवसा ढोलावर दंडारीचा लोकनाच होतो, रात्री नाटक होतं. पण खरी मंडई घराघरात असते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी ओसरी भरते, सोयरिकी तिथंच जुळतात आणि तिथंच मोडतात.

सासूबाईंचं माहेर सडक अर्जुनीच्या पुढं, हायवे सोडून आत, तलावाच्या काठी. तो तलाव त्यांच्या वाडवडिलांनी बांधला. ही गोष्ट कोणी विचारली नाही तरी त्या सांगतात. त्यांची थोरली बहीण त्याच गावात दिलेली आहे. सगळ्या भावंडांत आता या दोघीच उरल्या. बहिणीचं वय नव्वदीच्या आसपास असेल, नक्की कोणालाच माहीत नाही. गुडघे गेले म्हणून ती गाव सोडत नाही, आणि कान गेले म्हणून फोनवर बोलणं होत नाही. तेव्हा वर्षातून एकदा, मंडईला, दोघी भेटतात. पावसाळ्यात सासूबाई अंगणातल्या शेवाळावर घसरून बसल्या, कमरेचा एक मणका दबला, पट्टा लागला. खाटेवर पडल्या पडल्याही त्यांचा एकच प्रश्न असायचा, की मंडईपर्यंत मी बरी होतो ना वं.

जाहीरनाम्याच्या दिवशी ताट सारून त्या एवढंच बोलल्या, "या साली नाई गेली, तं पुढच्या साली बाई असंन काय?" थोरल्या बहिणीला त्या बाई म्हणतात. हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. मला मात्र ते भाजी चिरतानाही ऐकू यायचं.

मी सरळ डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, झटका बसू नये हे समजलं, पण किती बसलेला चालेल? त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हसले. म्हणाले, "मॅडम, असं मापात कोणी विचारत नाही." मी म्हटलं, मी विचारते आहे. मग ते म्हणाले, की घरात उठता-बसता, चालता-फिरता शरीराला जेवढा बसतो आणि दुखत नाही, तेवढा चालेल. त्याच्या वरचा नको. पट्टा हवा, मध्ये मध्ये थांबायला हवं, आणि निघायच्या आधी मला विचारायचं.

एवढं मला पुरे होतं. डॉक्टरांनी हद्द आखून दिली होती, आता मोजायचं काम माझं.

मोजायला साधन घरातच होतं. हल्लीच्या प्रत्येक फोनमध्ये त्वरण मोजणारा तांदळाएवढा तुकडा असतो. तुम्ही फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, ते त्याच्याच जिवावर. त्याचे आकडे आणि आलेख दाखवणारं ॲप फुकट मिळतं. माझ्या फोनची काच तडकलेली, म्हणून मी नवऱ्याचा घेतला.

"काऊन माझाच?" नवरा म्हणाला.

"महाग आहे म्हणून," मी म्हटलं.

फोन टेबलावर सपाट ठेवला. आलेखावर सरळ रेघ आली आणि बाजूला आकडा, एक. नवऱ्यानं मान हलवली. "हलवला नाही, काही नाही, अन् एक दाखवून राहिला. खराब आहे तुझं ॲप. शून्य पाहिजे होतं."

वर्गात दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न विचारतं आणि दरवर्षी माझा दिवस चांगला जातो. मी समोरची खुर्ची ओढून बसले. म्हटलं, पृथ्वी फोनला खाली ओढते आहे, पण टेबल त्याला पडू देत नाही, खालून वर रेटून धरतं. फोनला जाणवतो तो हा टेबलाचा रेटा. तो रेटा फोनच्या वजनाएवढा असतो, त्याला म्हणायचं एक जी. आपल्यालाही पृथ्वीची ओढ कळत नाही, पायाखालची जमीन कळते.

सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. "म्हणजे मी नुसती बसली हाये, तरी जमीन मले वर ढकलून राहिली?"

"हो आई."

"बाप्पा. मंग माणूस थकते, त्यात काय नवल."

"अन् टेबल काढून घेतलं तर?" नवरा म्हणाला. मी काही न बोलता फोन उचलला आणि गादीवर सोडून दिला. तो झेलायला धावला, पण उशीर झाला होता. आलेखात मात्र सगळं लिहिलं गेलं. हातातून सुटल्यावर रेघ एकदम शून्यावर, गादीवर आदळल्यावर टोकदार सुळका, आणि मग पुन्हा गप्प एकवर. पडत असताना कोणीच रेटत नाही, म्हणून शून्य. थांबवताना गादीला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रेटावं लागतं, म्हणून सुळका. झटका म्हणतात तो हा सुळका. नवऱ्यानं फोन पुसून खिशात घातला, पण त्याला ते समजलं होतं. समजल्यावर त्याच्या कपाळावरची आठी जाते, ते मला लग्नापासून ठाऊक आहे.

गणित काही अवघड नाही. मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरनं वाढतो. म्हणून कुठलंही त्वरण काढायचं आणि ९.८ नं भागायचं, की झाले जी. ताशी छत्तीस किलोमीटरनं गाडी चालली आहे, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. समोर बकरी आली, दोन सेकंदांत गाडी थांबवली. दर सेकंदाला पाच मीटर वेग गेला. पाचाला ९.८ नं भागा, अर्धा जी. हेच एका सेकंदात थांबवलं तर एक जी, आणि बकरी वाचली तरी मागे बसलेला माणूस पुढच्या सीटवर. मी हे नवऱ्याला सांगितलं ते काही केवळ ज्ञान म्हणून नाही. त्याचं ब्रेक मारणं सगळ्या गोंदियाला माहीत आहे.

आता घरातला झटका. सासूबाईंची बसायची एक पद्धत होती. खुर्चीजवळ यायचं, पाठ करायची, थोडं वाकायचं आणि उरलेला देह सोडून द्यायचा. धप्. हळू बसा, हळू बसा, असं मी जेव्हापासून या घरात आले तेव्हापासून सांगत होते. त्यांच्या अंगावरची माशीही हलत नव्हती. मी फोन त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि म्हटलं, नेहमीसारख्या बसा.

त्या बसल्या. फोन म्हणाला, चारच्या किंचित खाली.

मी त्यांना वीत आणि बोटांत समजावलं, कारण मीटर-सेंटिमीटर म्हटलं की त्या जांभई देतात. शेवटची अर्धी वीत तुम्ही मोकळ्या पडता, म्हणजे सहा बोटं. प्लास्टिकची खुर्ची लवते फार तर दोन बोटं. जेवढं पडलात, भागिले जेवढ्यात थांबलात. सहा भागिले दोन, तीन. त्यात जमीन रोज देते तो एक मिळवा. चार. फोनचं आणि बोटांचं उत्तर जुळलं. असं जुळलं की मला अजूनही स्वयंपाकघरात नाचावंसं वाटतं, आणि त्या दिवशी मी थोडी नाचलेही.

"अन् तेच गादीवर बसली तं?" सासूबाई म्हणाल्या.

"गादी सहा बोटं दबते. सहा भागिले सहा, एक. अन् वरचा एक. दोन."

"म्हणजे पडणं तेवढंच, पण थांबाले जागा भेटली की लागत नाई."

माझ्या वर्गात हे वाक्य यायला निम्मं सत्र जातं. मी त्यांना तसं म्हटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि शेजारच्या बाईला हाक मारली, ये वं, पाहून जा, माझा चार येते.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा सासूबाईंना न घेताच गाडी घेऊन निघालो. स्पीड ब्रेकर शोधायला गोंदियात लांब जावं लागत नाही. नवऱ्यानं त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं ब्रेकर ओलांडला, अडीच. मी म्हटलं, आता तुमची आई मागे आहे असं समजून चालवा. दीड. मग मी मुद्दाम एक ऑटो केला आणि त्याच रस्त्यानं फोन मांडीवर धरून गेले. त्याचा आकडा सांगत नाही, ऑटोवाले नाराज होतील. आणखी एक गंमत कळली. आमच्या गाडीत मागच्या सीटवर फोन जास्त उडतो, पुढच्या सीटवर कमी. मागची सीट जवळजवळ चाकावरच असते, पुढची दोन चाकांच्या मधोमध. एवढी वर्षं आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मानानं मागे बसवतो.

डॉक्टरांच्या नियमानं बघायला गेलं तर प्रश्न सुटला होता. घरात चार, रस्त्यावर दीड. नवराही म्हणाला, "मग झालं, जाऊ." पण मला ते पटेना. घरातला चार हाच मुळात वाईट होता. मणका दबलेली बाई दिवसातून कितीदा तरी चार जी घेते आहे, आणि आम्ही रस्त्याला घाबरतो आहोत. आमच्या सगळ्यांची तीच समजूत, झटका म्हणजे गाडीत बसतो तो. घरात बसतो त्याला आम्ही बसणं म्हणतो. मी ठरवलं, आधी घरातला झटका खाली आणायचा, मग प्रवासाचं बघू.

जी बाई हळू या शब्दाला जन्मात बधली नव्हती, ती आकड्याला बधली. हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवायचे, मांड्यांवर भार घ्यायचा, शेवटची अर्धी वीतसुद्धा सोडायची नाही. पहिल्यांदा तीन आला. मग अडीच. "पुन्हा मोज," त्या म्हणायच्या. मी कॉलेजातून आले की चहाच्या आधी मोजणी. एका संध्याकाळी दोनच्याही खाली आल्या आणि शेजारच्या तीन बायकांना बसायला लावून त्यांचे आकडे काढवले. सगळ्या तीनच्या वर. त्या दिवशी सासूबाई दोन पोळ्या जास्त जेवल्या. कमरेचं दुखणंही कमी झालं होतं, हे त्यांनी मान्य केलं नाही, पण रात्री कुशीवर वळताना कण्हणं थांबलं होतं.

यात एकच वांधा झाला. घरातला झटका खाली आला, तशी हद्दही खाली आली. आता रस्त्यावर दोनच्या वर गेलेलं मलाच चालणार नव्हतं. खुद्द त्यांना बसवून एक फेरी मारायलाच हवी होती. माझी कॉलेजात प्रात्यक्षिकं चालू होती, म्हणून नवराच त्यांना घेऊन दवनीवाड्याच्या रस्त्यानं गेला. फोन चालू करून त्यांच्या पट्ट्यात खोचला होता. पुढच्या सीटचं सांगायचं माझ्याकडून राहिलं, म्हणून त्या मागे बसल्या.

मी घरी आले तेव्हा नवरा ओसरीवर बसला होता, तोंड उतरलेलं. त्यानं फोन माझ्यासमोर धरला. तीन. साडेतीन. पुन्हा तीन. एकदा नाही, किती तरी वेळ.

"एवढी हळू चालवली," तो म्हणाला. "रस्ताही बरा आहे. तरी हे. आता मला काही शिकवू नको. विषय संपला."

सासूबाई खाटेवर पडून आढ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. एक शब्द बोलल्या नाहीत. जी बाई सुपारी सांडली तरी गाव गोळा करते, तिची मंडई गेली आणि ती गप्प. हे काही मला ठीक वाटेना.

मी फोन घेऊन आतल्या खोलीत बसले. ॲप तीन दिशांचे आलेख वेगवेगळे दाखवतं. वर-खालचा आलेख पाहिला आणि चाटच पडले. तिथं सगळं शांत होतं, एकच्या आसपास, मध्ये ब्रेकरचे बारीक उंचवटे. सुळके सगळे होते मागे-पुढे जाणाऱ्या आलेखात, आणि तेही फणीच्या दातांसारखे. सारख्या अंतरावर, सेकंदाला चार-पाच, थोडा वेळ चालायचे, जरा थांबायचे, पुन्हा चालायचे. खड्डे एवढे शिस्तीत नसतात. आपल्या रस्त्यांचे तर नाहीच नाही.

मी तो ठेका टेबलावर बोटांनी वाजवून पाहिला. घसघसघसघस, थांब. घसघसघसघस, थांब. माझा हात आपोआप पालथा झाला आणि तळवा टेबलावर घासायला लागला. या भागात राहणाऱ्या माणसाला हा ठेका शिकवावा लागत नाही. सकाळी उठल्यापासून प्रत्येक पानठेल्यावर तोच चालू असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घ्यायचा आणि गुळगुळीत जागेवर तळहातानं घोटत राहायचं, की झाला खर्रा. मी फोन नाकाशी नेला. वास आला.

खर्रा सासूबाईंनी मणका दबला तेव्हाच सोडला होता. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं. तंबाखूनं हाड भरत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि मुलानं हात जोडून विनवलं होतं. त्यांनी देवावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

मला आधी राग आला. नंतर लक्षात आलं, की त्या गप्प का आहेत. बोलल्या तर खर्रा जातो. नाही बोलल्या तर मंडई जाते. दुपारपासून त्या आढ्याकडे पाहत हाच हिशेब करत होत्या. मी परस्पर नवऱ्याला सांगू शकले असते, पण तसं करणं मला बरं वाटेना. मी खाटेजवळ गेले, फणीचे दात दाखवले आणि म्हटलं, "आई, हे रस्त्याचं नाही. कशाचं आहे, तुम्ही सांगा."

"मले काय समजते त्यातलं?"

"मग मंडई गेली."

त्यांनी फोन बाजूला सारला. मग उठून बसल्या, माझ्या आधाराशिवाय, अगदी शिकवल्यासारख्या. "बोलाव त्याले," म्हणाल्या.

नवरा आला. "काय झालं?"

"तुझ्या फोनवर खर्रा घोटला मी," सासूबाई म्हणाल्या. "पट्ट्यात टोचून राहिला होता, म्हणून काढून मांडीवर घेतला. गुळगुळीत हाये. बरा घोटल्या जाते."

नवऱ्यानं डोक्याला हात लावला. "आई, तू देवासमोर बोलली होती. अन् तुला खर्रा दिला कोणी?"

"देते कोण? तुझाच होता. चाकातली हवा पाहतो म्हणून पानठेल्यावर उतरला, तवा पुडी सीटवर पडली होती."

नवऱ्यानंही खर्रा सोडला होता. त्यानं तो आमच्या मुलीच्या वाढदिवसाला, माझ्यासमोर, तिच्या डोक्यावर हात ठेवून सोडला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागला. मला खरं तर चिडायचं होतं, माझा तो हक्कच होता, पण पोटातून असं हसू फुटलं की मला खाटेची दांडी धरावी लागली. मग सासूबाई हसल्या, पट्टा धरून धरून. शेवटी नवराही हसला. तांदळाएवढ्या तुकड्यानं मायलेकरांना एका फेरीत पकडलं होतं.

हसणं झाल्यावर सासूबाई गंभीर झाल्या. "सोडतो मी," म्हणाल्या. "खरोखर सोडतो. पण मले बाईकडे ने." मुलाच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, देवाला मध्ये घेतलं नाही. मला ते जास्त खरं वाटलं.

दोन दिवसांनी मीच त्यांना पुढच्या सीटवर बसवून दवनीवाड्याची तीच फेरी केली. दीडच्या वर एकदाही गेला नाही. डॉक्टरांना फोन केला, आकडे सांगितले. ते म्हणाले, जा, पट्टा घट्ट, अर्ध्या-पाऊण तासानं उतरवून चालवा. आणि मला विचारलं, की या ॲपचं नाव काय.

मंडईच्या दिवशी सकाळी सासूबाई हिरवं लुगडं नेसून, पाठीला उशी लावून पुढच्या सीटवर बसल्या. या घरात आल्यापासून पुढं बसायची ही त्यांची पहिलीच खरी सफर. काचेतून सगळा रस्ता आपल्याकडे येताना पाहून त्यांना इतका आनंद झाला की आमच्या जिल्ह्यातलं गोरेगाव येईपर्यंत त्या नुसतं दाखवतच होत्या. धान कापून पडलं होतं, बांध्यांमध्ये पेंढ्या वाळत होत्या, कुठं कुठं मळणीयंत्राचा भुसा रस्त्यावर उडत होता. दर ब्रेकरला त्या विचारायच्या, "किती?"

"एक पूर्णांक तीन."

"काईच नाई."

हायवेवर ट्रकवाले मागून भोंगे वाजवून वाजवून थकले. नवऱ्यानं आयुष्यात कधी एवढ्या शिव्या खाल्ल्या नसतील, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय हलवला नाही. आत वळल्यावर कच्चा रस्ता लागला, तिथं तर गाडी अशी चालली होती की बायकोला मागं बसवून निघालेला एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. जाताना त्यानं काचेत डोकावून विचारलं, "बंद पडली का गा? धक्का मारू?" नवरा म्हणाला, "नाही, आई आहे." त्या माणसानं मान डोलावली, जशी काही ती गाडीच्या बिघाडाची नेहमीची तऱ्हा होती, आणि पेडल मारत गेला. मी मागच्या सीटवर हसून हसून लोळले. सगळ्या वाटेवरचा सर्वांत मोठा आकडा एक पूर्णांक आठ, तोही एका कोंबडीमुळे.

गावात गर्दी होती. बहिणीच्या घरापर्यंत गाडी जाईना, म्हणून शेवटचा तुकडा आम्ही चालत गेलो. एका बाजूनं मी, एका बाजूनं नवरा. दंडारीचा ढोल वाजत होता, भजी तळली जात होती, ओळखीच्या बाया हात धरून थांबवत होत्या. सासूबाई कोणासाठी थांबल्या नाहीत.

ओसरीवर खाटेच्या काठावर त्यांची बहीण पाय खाली सोडून बसली होती. इतकी लहान झाली होती की मी आधी ओळखलंच नाही. तिची सून आमच्या पुढं येऊन हळूच म्हणाली, पोळ्यापासून बसूनच आहेत, उभं राहता येत नाही, धरूनही नाही. सकाळपासून रस्त्याकडेच पाहत आहेत.

सासूबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. धाकटीनं थोरलीच्या पाया पडायचं, हे त्यांनी प्रत्येक मंडईला केलं होतं. आज पट्टा वाकू देत नव्हता. त्यांनी एक हात पुढं नेला, थोडं वाकून पाहिलं, चेहरा दुखण्यानं आवळला. मी दंड धरून त्यांना सरळ केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोजून-मापून आणलं आणि हे माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं.

बहिणीनं ते पाहिलं. तिला ऐकू येत नाही, दिसतं चांगलं. तिनं सुनेचा हात बाजूला केला, दोन्ही तळवे खाटेच्या काठावर टेकले आणि उठायला लागली. सून म्हणाली, अहो आई, नका. तिला ते ऐकू गेलंच नाही. तिचे गुडघे थरथरत होते, लुगड्यातून दिसत होतं. इतके दिवस मी दीड, पावणेदोन असल्या आकड्यांना भीत आले होते. ती जे उचलत होती ते फक्त एक जी होतं, आपण सगळे दिवसातून कितीदा सहज उचलतो ते. मला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढता येईना. ती उभी राहिली. पाया पडण्यासाठी धाकटीला वाकायला लागू नये म्हणून उभी राहिली, आणि तिनं आमच्या सासूबाईंचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"कायले उशीर केली?" ती मोठ्यानं म्हणाली.

सासूबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं. "हिचं गणित चालू होतं वं."

ती हसली. दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. एकमेकींना धरून उभ्या होत्या, आणि कोण कोणाला धरून आहे ते सांगता येत नव्हतं. सुनेनं आणि मी दोन खुर्च्या आणून दोघींच्या मागं लावल्या, त्यांवर उश्या ठेवल्या, आणि म्हटलं, आता बसा, हळूच बसा. त्या बसेनात.